मी नुसती बसलीये

आमच्या घरात लिलाव म्हटलं की कांद्याचा. दुसऱ्या कशाचा लिलाव असू शकतो, हे मी माझ्या वडिलांना, अण्णांना, दोन दिवस समजावत होते. नगरजवळच्या एका लग्नाच्या लॉन्सवर जुन्या मोटारींचा मोठा लिलाव होता. शंभरेक गाड्या येणार होत्या आणि मला बघायला जायचं होतं. अण्णांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "इकायचं काय न्हाई, घ्यायचं काय न्हाई. मग लिलावाला जायचं कशाला?"

प्रश्न रास्त होता. खरं उत्तर सांगायची मला लाज वाटत होती.

आमच्या घरातून कॉलेजला गेलेली मी पहिलीच. ग्रंथालयात काय वाचायचं असतं, हे सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून मी सर्वांत खालच्या फळीपासून सुरुवात केली. तिथे कुणीतरी देणगी दिलेले मोटारींच्या जुन्या इंग्रजी मासिकांचे गठ्ठे होते. इंग्रजी सुधारेल म्हणून वाचायला घेतले. इंग्रजी फारसं सुधारलं नाही, पण गाड्यांचं वेड लागलं. त्यातही एका गाडीचं जास्तच. पन्नासच्या दशकातली, गोल पाठीची, पुढे नाक काढलेली. जुने लोक तिला डुक्कर म्हणतात. तिची पुढची दारं उलटी उघडतात आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच असतो. ती विकत घ्यायचा विचार माझ्या मनात कधी आला नाही. मला फक्त एकदा तिच्या स्टिअरिंगमागे बसायचं होतं. हे मी घरात कुणालाच सांगितलं नाही. आई तेवढी शेजारी सांगत होती की पोरगी डुक्कर बघायला नगरला चाललीये.

एकटी नको म्हणून अण्णा सोबत आले. धुतलेली टोपी घातली होती. तिसगावहून एसटीने निघालो आणि दहाला लॉन्सवर पोचलो. फाटकावर मनगटाला फीत बांधत होते. बोली लावणाऱ्यांना लाल, नुसतं बघणाऱ्यांना पांढरी. पांढऱ्या फितीने गाडीला हात लावायचा नाही, असं तिथल्या माणसाने बजावलं. माझ्याकडे बघून बजावलं, असं मला वाटलं.

आत रांगाच रांगा. अण्णांनी कपाळावर हात धरून पाहिलं आणि म्हणाले, "वक्कल लई हायत." कांद्याच्या बाजारात एका शेतकऱ्याच्या मालाच्या एका ढिगाला वक्कल म्हणतात. अण्णांच्या लेखी त्या गाड्या तशाच लावलेल्या होत्या.

ती तिसऱ्या रांगेत होती. फिक्या हिरव्या रंगाची. मासिकातल्या फोटोपेक्षा लहान. मी तिच्या एका बाजूला जाऊन उभी राहिले आणि तिथून मला हलवेना. अण्णा दुसऱ्या बाजूला, हात पाठीमागे बांधून. इथेच आमची चूक झाली. आमच्या भागातल्या सगळ्यांनी लिलाव शिकलाय तो कांद्याच्या बाजारात, आणि तिथला नियम साधा आहे: जो मालाजवळ उभा, तो मालक.

लाल फीत बांधलेले एक काळ्या चष्म्याचे गृहस्थ आले. नेवाशाकडे त्यांचं हॉटेल होतं. त्यांनी अण्णांना विचारलं, "मालक, इंजिन मूळचंच का?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर दिलं. सरळ म्हणायला हवं होतं की आम्हाला माहीत नाही, पण मला माहीत होतं, आणि हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी इंजिनाचं सांगितलं, गिअरचं सांगितलं, नंतरच्या गाड्यांत दारं का बदलली तेही सांगितलं. मग हळूच म्हटलं, "पण गाडी आमची नाही."

"समाईक हाय व्हय?" ते म्हणाले. "मग सह्या कुनाकुनाच्या लागत्याल?"

त्यानंतर तासाभरात चारपाच जण येऊन गेले. प्रत्येकाला मी सांगितलं की गाडी आमची नाही. एकाला वाटलं आम्ही भाव वाढवतोय. एक आजोबा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले की लग्न झाल्यावर माहेरची कुठलीच वस्तू आपली राहत नाही, वाईट वाटून घेऊ नये. माझं लग्न झालेलं नाही, हे सांगेपर्यंत ते पुढच्या गाडीकडे गेले होते. माझा आवाज बारीक आहे. वर्गात हजेरी देतानाही मला दोनदा बोलावं लागतं.

हॉटेलवाले परत आले आणि म्हणाले, "ताई, जरा दार उघडून दाखवा. बसून बघा, आवाज करतंय का सीट."

दाराची मूठ माझ्यापासून वीतभर होती. माणूस स्वतःहून म्हणत होता, बसा. माझा हात वर गेला. मग मनगटावरची पांढरी फीत दिसली आणि मी हात खाली घेतला. म्हटलं, दाराचं लिलाववाल्यांना विचारा. त्या क्षणी मला स्वतःचा फार राग आला.

अण्णा मात्र तोवर गाडीखाली शिरले होते. वरचा कांदा निवडून लावलेला असतो, बघायचा तो आतला, ही त्यांची रीत. गवतावर उताणे पडून त्यांनी सगळं बूड न्याहाळलं. हात लावला नाही, फीत पाळली. बाहेर येऊन टोपी झटकत हॉटेलवाल्यांना म्हणाले, "डाव्या अंगाला ठिगळ मारल्यालं हाय. नवं वेल्डिंग हाय. बघून घ्या बरं का."

हॉटेलवाले चष्मा काढून त्यांच्याकडे बघत राहिले. स्वतःच्या मालाचं वाईट सांगणारा मालक त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. घ्यायची तर हीच, असं त्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

तेवढ्यात मागे कुणीतरी हसलं. झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हाताऱ्या बाई सकाळपासून बसल्या होत्या. मला वाटलं होतं, आमच्यासारख्याच बघायला आल्या असतील.

"ठिगळाचं माझ्या मिस्त्रीनंही मला सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी हीच गाडी घेऊन माझ्या दवाखान्यात पेशंट बघायला जात होते."

मला गवतात शिरावंसं वाटलं. मी माफी मागू लागले, पण त्यांच्या गाडीचा पुकारा झाला. गाडी मंचावर न्यायची होती आणि ती सुरूच होईना. ढकलायला दोन माणसं आली, हॉटेलवाले आले. बाईंचे गुडघे दुखत होते. स्टिअरिंग कोण धरणार?

"ही धरंल," अण्णा म्हणाले. "ट्रॅक्टर चालविती." आणि स्वतः मागे ढकलायला गेले.

बाईंनी दार उघडलं. उलटं. मी बसले. सीट खाली दबली आणि समोर ते मोठं, पातळ, पांढरं स्टिअरिंग आलं. त्यापुढचा रस्ता मला नीट आठवत नाही. मागून अण्णांचा आवाज येत होता, "सरळ धर, बांधाला जाशील." बांध तिथे कुठेच नव्हता.

मंचावर पोचल्यावर उतरायला हवं होतं. मी सवयीने भलत्याच ठिकाणी मूठ शोधत राहिले. ज्या दाराबद्दल मी सकाळपासून लोकांना सांगत होते, ते मला आतून उघडेना. बोली सुरू झाली. मी आतच. लोक एकदा बोलीकडे बघत, एकदा माझ्याकडे. बोली वाढत वाढत हॉटेलवाल्यांपाशी थांबली. मग माईकवाले गृहस्थ खिडकीशी वाकले, माईक माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "मालकीणबाई, देऊ का या भावाला?"

"मी मालक नाही," मी म्हटलं. "मी नुसती बसलीये."

लॉन्सच्या चारही कोपऱ्यांत ते गेलं. इतक्या मोठ्याने मी कधीच बोलले नव्हते. सगळे हसले, हॉटेलवाले सर्वांत जास्त. मागे झाडाखालून बाईंनी हात वर करून होकार दिला आणि गाडी विकली गेली.

मी पुन्हा दार चाचपू लागले, तर माईकवाले म्हणाले, बसून राहा, आता उतारावरून खाली पण न्यायचीय.

या वेळी अण्णा पुढे आले. दोन्ही हात नाकाडावर टेकून, गाडी अंगावर घेत ते उलटे चालू लागले. फितीचा नियम मघाशी ढकलतानाच मागे पडला होता. काचेतून त्यांची टोपी तेवढी दिसत होती. उतार संपला. मी ब्रेक दाबला, तो लागला. अण्णा खिडकीशी आले, आत वाकून सगळं बघितलं.

"झालं का बसून?" त्यांनी विचारलं.

हे त्यांना कुणी सांगितलं होतं, कोण जाणे. मी म्हटलं, अजून जरा. ते बॉनेटला टेकून उभे राहिले आणि समोरून येणाऱ्या माणसाला सांगू लागले की गाडी विकली गेलीय.