आक्काच्या मांडणीवरची भांडी

फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाशी कढईवरून हुज्जत घालत होतो. आक्काच्या स्वयंपाकघरात भडका उडाला, लवकर या, असं तिचा शेजारी सांगत होता. कढई तशीच सोडून धावलो. धाड गावच्या बाजारापासून तिचं घर हाकेच्या अंतरावर, पण तोवर तिला जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेलं होतं. तिथून ती जिवंत परतली नाही. इतक्या टापटिपीच्या बाईच्या घरात असं झालंच कसं, असं लोक अजून विचारतात. कसं झालं ते मला माहीत आहे... आणि मी ते आधीच सांगितलं होतं.

आक्का माझी थोरली बहीण. मी सायकलवर भांडी बांधून खेडी फिरायचो, जुन्याच्या बदल्यात नवं द्यायचो. मोडीत आलेली जळकी, तेलकट भांडी ती घासायची आणि त्यातली बरी मी पुन्हा विकायचो. माझं दुकान त्यातूनच उभं राहिलं. तिचे नियम पक्के होते. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्याला सोडा लावायचा नाही, काळं पडतं. त्यात चिंचेचं पाणी उकळायचं. लोखंडी कढईच्या चिकट थराला राख आणि गरम पाणी. स्टीलमध्ये दूध करपलं तर खायचा सोडा घालून उकळी काढायची आणि मग वाट पाहायची. मी घाईनं खरवडायला लागलो की म्हणायची, "खरडू नको बे, भांड्याले भिजू दे." आमच्यात बाईची पारख तिच्या मांडणीवरून करतात. आक्काच्या मांडणीवरच्या भांड्यांत तोंड दिसायचं.

मागच्या हिवाळ्यात ती दर बाजाराला चिंच आणि सोडा नेताना दिसू लागली. एकट्या बाईला एवढं कशाला? एका दुपारी न सांगता तिच्या घरी गेलो. थंडीतही खिडक्या सताड उघड्या, तरी करपलेल्या डाळीचा वास भरून राहिलेला, आणि शेगडीवर चिंचेचं पाणी रटरटत होतं. मी मांडणीवरची पातेली एकेक उलटी केली. माझा धंदाच तो. भांडं घेताना मी आधी तळ बघतो. सगळे तळ घासून घासून पातळ झालेले.

"रोज जळून राह्यलं ना, आक्का?"

तिनं आधी दार लावलं. "ध्यानातच राहत नाही मले. अंगणात गेली का विसरते. पण प्रशांतले सांगू नको. पुण्याले नेऊन टाकतील मले. मले माह्या घरातच राहू दे."

प्रशांत तिचा एकुलता एक मुलगा. मी त्याला सांगितलंच. तो बायकोला घेऊन आला, पण येतोय हे आईला आधी कळवून. त्यानं स्वयंपाकघरात एक चक्कर मारली आणि हसला. "मामा, तुम्हाले भांडाभांडी केल्याबिगर करमत नाही. पाहा ना, कशी चमकून राह्यली भांडी."

"अरे, चमकून राह्यली म्हणूनच तर सांगतो."

माझा आवाज चढला. सून रडू लागली. आक्का माझ्याकडे पाठ करून बसली. ती मंडळी पुण्याला निघून गेली, आणि त्यानंतर आक्कानं मला ओसरीच्या आत घेतलं नाही. चहा बाहेरच यायचा. त्या चहालाही करपट वास असायचा... मी निमूट प्यायचो.

शेवटी दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅस चालूच राहिला. ती अंगणातून आत आली आणि तिनं काडी ओढली.

ते दुधाचं पातेलं प्रशांतपुढे ठेवायचं, त्याचा काळा तळ त्याला दाखवायचा, असं मी ठरवलं होतं. पण तेरवीच्या आधी बायकांनी सगळं घर धुऊन काढलं. सुनेनं ते पातेलं सोड्यात उकळून, लख्ख करून माझ्या हातात दिलं. "मामा, आईंची आठवण म्हणून ठेवा. अगदी त्यांच्यासारखं घासलं." मी सवयीनं ते उलटं करून तळ पाहिला आणि घरी घेऊन आलो.

आता आमच्या घरचं दूध त्यातच तापतं. ते वर येऊन मी शेगडी बंद करीपर्यंत जागचा हलत नाही. दुकानासमोर गिऱ्हाईक ताटकळतं. परवा बायको वैतागून म्हणाली, "जा ना आता दुकानात. मी आहो ना घरी."

आक्काही घरीच होती.