काच फुटत नाही, वाढते: सासूबाईंबरोबर कॉर्निंगला

माझ्या सासूबाई सांगलीच्या. चाळीस वर्षं त्यांनी पेठेतल्या दुकानात बायकांच्या हातात बांगड्या भरल्या. २००६च्या सप्टेंबरात माझ्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आल्या आणि तीन आठवड्यांतच "माझं तिकीट अलीकडं घ्या" म्हणू लागल्या. मी "तुमची मर्जी, आई" म्हणून मोकळी झाले. आतून मात्र धाबं दणाणलं होतं. सातवा महिना, आणि माहेरचं कुणी येणार नव्हतं.

"आई जायच्या आधी कॉर्निंगचं काचेचं म्युझियम तरी दाखवू यार," माझा नवरा प्रशांत म्हणाला.

शनिवारी सकाळी सातला निघालो. कॉर्निंगला पोचायला साडेचार तास लागतात. डोंगरातला रस्ता देखणा, पण वाटेत आपल्या जिभेचं काही मिळत नाही. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्याच.

प्राचीन काचेच्या दालनात आम्ही रेंगाळलो. रोमन श्रीमंत घरांच्या भिंतींवर रंगीत काचेचे मासे, पानं, फुलं जडवत. रंगीत कांड्या एकत्र तापवून लांब ओढायच्या आणि कापं काढायची. अळूवडीच्या उंड्यासारखंच, कुठेही कापा, आत तेच चित्र. एक चेहरा तर नखाएवढा, मधोमध सांधलेला.

"दोन्ही अर्धी एकाच कांडीची आहेत गं. एक पालथं घातलंय," पाटी न वाचताच सासूबाई म्हणाल्या.

तिथल्या गाइड आजींना मी ते सांगितलं. त्या खूश झाल्या. शेजारच्या माशाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा मात्र फुटलाय." मी भाषांतर केलं, तशा सासूबाई कडाडल्या, "काच फुटली म्हणू नये. वाढली म्हणावं!"

हे इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली. आजींनी 'वाडली, वाडली' घोकून पाठ केलं.

परतताना सासूबाई अखंड बोलत होत्या. मी विचारलं, "पण वाढली का म्हणायचं?"

"वाईट बोलायला जीभ रेटत नाही, म्हणून."

माझी तर चांगलं बोलायलाही रेटत नव्हती.

सोमवारी प्रशांतने तिकिटासाठी फोन उचलला आणि मला रडू फुटलं. "आई, जाऊ नका. मला भीती वाटते."

त्या उठून जवळ आल्या. मग माझे डोळे पुसत म्हणाल्या, "अगं, मग मर्जी मर्जी काय करत होतीस? मला वाटलं, तुलाच माझी अडचण होतेय."