गुरुवारचे मामा

धुळीला घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण धूळच ज्याला घाबरून असायची असा माणूस सबंध नंदुरबारात एकच होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. भाची म्हणून कौतुकानं सांगते असं वाटेल, वाटू द्या. अहो, मामा गल्लीच्या तोंडाशी दिसले की बायका आधी पदर झटकायच्या आणि मग डोक्यावर घ्यायच्या! उगाच नाही.

मामांनी उमेदीची वर्षं रेल्वे स्टेशनात काढली. साहेबलोकांच्या वेटिंगरूमची साफसफाई त्यांच्याकडे होती. नोकरी संपली, घरी चांगली काळीभोर जमीन होती, ती वाट्यानं दिली. आता सुखानं ओट्यावर बसून सुपारी कातरावी की नाही? पण हात शिवशिवायला लागले. एक दिवस धोतराचा काचा मारून, खांद्यावर फडकी टाकून स्वारी गावात निघाली. लोकांची घरं झाडून-पुसून द्यायची, आणि तीही एकदाच नाही. दर घराला आठवड्याचा एक वार, कायमचा. बदल्यात सुगीला खळ्यावरून थोडी ज्वारी. सोमवार वकिलांचा, मंगळवार कापसाच्या शेठजींचा, आणि गुरुवार आमचा. पाटलाच्या घरचा बाप्या माणूस लोकांची घरं पुसतो, हे ऐकून भावकीनं कपाळावर हात मारून घेतला. मामा म्हणाले, "रेल्वेमा पुसं ते नौकरी, आनि गल्लीमा पुसं ते लाज? वा रे वा!"

त्यांची पहिली खोड म्हणजे घरात शिरले की घर त्यांचं. उंबऱ्यावर उभे राहून खणखणीत आवाजात सांगायचे, "निंघा बाहेर! घर आते मन्हं शे." मग लहानमोठं, आजारी, म्हातारं, सगळं खाटांसकट अंगणात. सोमवारी वकीलसाहेब पक्षकारांना घेऊन लिंबाखाली बसलेले दिसत. शेठजी एकदा हट्टाला पेटले, मी तक्क्यावरून उठणार नाही म्हणाले. मामांनी त्यांना गादीसकट ओढत ओट्यावर नेऊन ठेवलं आणि वर पानाचा डबाही आणून दिला. शेठजी लटके रागावले, पण पुढच्या मंगळवारी मामांची चाहूल लागताच आपणहून बाहेर येऊन बसले. कोणाचाच मुलाहिजा नाही. "धूळ कोनी सगी नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

काम झालं की धोतराचा पांढरा सोगा दाराच्या चौकटीवरून फिरवायचे आणि घरच्या बाईला दाखवायचे. सोगा पांढरा राहिला तर चहा घ्यायचे. जरा काळा झाला तर स्वतःवरच रुसायचे, चहाला नाही म्हणायचे आणि सगळं घर पुन्हा पहिल्यापासून. आमची घरं धाब्याची, वरून माती गळायची ती गळायचीच. त्यामुळे मामांचा चहा बरेचदा गार व्हायचा.

पण त्यांची खरी लढाई मिरचीशी. आमच्याकडे मिरचीचा हंगाम आला की शिवारात वाळवणाच्या लाल पथाऱ्या पडतात, गल्लीत पोती येतात, आणि तिची बारीक पूड वाऱ्यावर उडून घराघरात, तुळयांवर, देवांवरसुद्धा बसते. त्या दिवसांत सबंध गाव शिंकत असतं. मामा हंगामात केरसुणीला हातच लावायचे नाहीत. "मिरचीले झाडू दाखाडा का ती उडस. ओलं फडकं दाखाडा का ती गप," असं म्हणत शिडीवर चढायचे आणि आढ्यापासून खाली ओल्या फडक्यानं टिपत यायचे. गुरुवारी दुपारी आमच्या घरात नाक मोकळं व्हायचं.

आता माझं सांगते. शिंकेपायी माझी दोन स्थळं मोडली होती. बोलणीच्या बैठकीत कोणी शिंकलं की आमच्याकडे बैठक उठते, मग मुलगी अप्सरा का असेना. पहिल्या वेळी मुलाच्या बापानं पसंती सांगायला तोंड उघडलं आणि काकू शिंकली. दुसऱ्या वेळी तर मी स्वतःच शिंकले, तेही चांगलं दणदणीत! तेव्हापासून गल्लीत माझं नाव 'शिंकली' पडलं होतं. तिसरं स्थळ ब्राह्मणपुरी गावचं, चांगलं शेतीवाडीचं. हेही मोडलं असतं तर मला जन्मभर चूल फुंकत बसावं लागलं असतं, हे आई मला रोज ऐकवायची.

पाहुण्यांनी पंचांग पाहून वार निवडला तो नेमका ऐन मिरचीच्या हंगामातला गुरुवार. आईची पाचावर धारण बसली. एरवीसुद्धा ती मामांना मागच्या दारानं आत घ्यायची, गल्लीनं पाहू नये म्हणून. भाऊ घरं पुसतो ही तिच्या मनातली सल होती. ती हात जोडून म्हणाली, "दादा, या हप्तामा बुधवारना ये."

"बुधवार दुसरास्ना शे," मामा म्हणाले. "गुरुवार तुन्हा शे."

शेवटी ठरलं की मामांनी पहाटे यावं, लवकर आटपावं आणि पाहुणे दुपारी यायच्या आत मागच्या दारानं जावं. पण पाहुणे आदल्या दिवशीच गाड्या जुंपून गावात नातलगाकडे मुक्कामाला आले होते. ते सकाळी न्याहारी करूनच आमच्या दारात हजर! पुढे नवऱ्यामुलाची आजी, काठी टेकत. आणि मामा अजून शिडीवर.

उंबऱ्यावर पाऊल दिसलं मात्र, मामा सवयीनं गरजले, "निंघा बाहेर! घर आते मन्हं शे!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. आई धावत पुढे गेली. तिचा चेहरा पांढराफटक. पाहुण्यांना हात जोडून ती एका दमात म्हणाली, "मनवर ल्या नका. हाऊ आमना गडी शे. जरासा येडा शे."

मी दाराआडून मामांकडे पाहिलं. बहिणीनं आपल्याला गडी म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं. फडकं क्षणभर तुळईवर थांबलं. मग ते शिडीवरूनच मान तुकवून म्हणाले, "हा बाई." आणि पुन्हा पुसायला लागले.

ब्राह्मणपुरीकर लिंबाखाली खाटांवर बसून राहिले. आजीबाई काठीवर हनुवटी टेकून दाराकडे टक लावून. बऱ्याच वेळानं मामांनी सांगितलं, "आते या. पाय धुई या." स्वतः मात्र बादली उचलून मागच्या अंगणात गेले.

बैठक बसली. मी मान खाली घालून पाटावर. आई देवाचा धावा करत माझ्या नाकाकडे पाहत होती. बाहेर गल्लीत कोणी शिंकलं, पलीकडच्या घरात शिंकलं, पण आमच्या घरात कोणी म्हणजे कोणी शिंकेना! आजीबाईंनी नाक वर करून दोनदा हुंगून पाहिलं. मग तुळईकडे बघत म्हणाल्या, "एवढी येळ व्हयनी, कोनीच शिंकनं नही. बाई, पोर आमले पसंत शे. पन हाऊ गडी बी आमले द्या!"

सगळे हसले. आईसुद्धा हसली, सुटल्यासारखी. माझं लग्न ठरलं होतं हो! मी फक्त गप्प बसायचं होतं. पण मागच्या अंगणात मामा फडकं आपटत होते, तो आवाज मला ऐकू येत होता. मी मान वर केली आणि बोलून गेले, "हाऊ गडी नही. मन्हा मामा शे. सख्खा."

आईनं डोळे मिटून घेतले. आजीबाईंनी काठी जमिनीवर आपटली आणि आईकडे वळल्या. "काय व बाई! मंग लगनमा आंडेरले मांडवमा कोन लई येई? गडी?"

खरंच की! मामाशिवाय नवरी मांडवात येते का कुठे? घाईघाईत भावाला गडी करून टाकताना आईला हे सुचलंच नव्हतं. ती रडायच्या बेताला आली, आणि आजीबाई मात्र पोट धरधरून हसायला लागल्या. "धुईले जो असा भ्यावाडस, त्यानी भाची माले पाहिजेच पाहिजे," त्या म्हणाल्या. "बलावा त्याले. येव्हाईले बाहेर ठेवतंस का?"

व्याही म्हणून हाक आली तसे मामा दारात येऊन उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा ते फडकी धुण्याचं काम अर्धवट टाकून आले होते. हातातल्या फडक्याचं पाणी त्यांनीच पुसलेल्या जमिनीवर टपटप पडत होतं आणि त्यांना ते दिसतच नव्हतं.

"दादा, फडकं गळी ऱ्हायनं," आजीबाई हळूच म्हणाल्या.

लग्नात मामा पांढरंशुभ्र धोतर नेसून, माझा हात धरून असे मांडवात आले की गावचा मोठा साहेब आल्यासारखी माणसं बाजूला झाली. वाटेत थांबून त्यांनी एक काडी उचललीच. मंगलाष्टकं संपायच्या आत पायाखालच्या अक्षता गोळा करायलाही लागले. पुढे महिन्यातून एकदा ते ब्राह्मणपुरीला येत, आणि सासरची सगळी माणसं अंगणात निघत. सगळ्यांत आधी आजीबाई, मोठ्या ऐटीत. आणि आईनं? तिनं तोंडानं कधीच काही म्हटलं नाही. पण त्यानंतर दर गुरुवारी ती पुढचं दार सताड उघडायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायची, "ये दादा!"

मामा गेले, त्याच्या पुढच्या हंगामात मी माहेरी आले. गुरुवार होता. आईनं सकाळीच खाटा अंगणात काढल्या होत्या आणि पुढचं दार उघडून ती गल्लीकडे बघत बसली होती. मी विचारलं, "माय, खाटा कसाले काढ्यात व?"

"गुरुवार शे ना," ती म्हणाली. तिला शिंक आली, मग डोळ्यांत पाणी. कशानं ते मी विचारलं नाही.

मी पदर खोचला, फडकं बुडवून पिळलं आणि शिडी लावली. "निंघ बाहेर," मी म्हटलं. "घर आते मन्हं शे."

आई उठली. जाता जाता उंबऱ्यावर थांबली आणि वर बोट करून म्हणाली, "आढापाईन सुरू कर."