कॉरिन हेलचा डावा गाल

एडना प्रुइट नेब्रास्काहून हॉलिवूडला आली ती नटी व्हायला, आणि एका परीने झालीही. उंची, खांदे, मान, सगळं थेट तेव्हाची गाजलेली नायिका कॉरिन हेल हिच्यासारखं. केस तेवढे स्टुडिओने रंगवून दिले. पडद्यावर कॉरिनला कुणी थोबाडीत मारली, की पाठमोरी दिसे ती एडना. मग कॉरिन खुर्चीतून उठे, डाव्या गालाला लाली लावून घेई आणि कॅमेऱ्यासमोर डोळे भरून आणी.

कॉरिनने मार खाल्लेला लोकांना आवडे, म्हणून प्रत्येक चित्रपटात एक तरी थप्पड असेच. खोट्या थपडेने मान खरी हलत नाही, असं दिग्दर्शक टर्लीचं ठाम मत होतं.

एकदा नायकाच्या बोटात अंगठी होती. तो प्रसंग अकरा वेळा घेतला. नवव्या वेळी एडनाच्या डाव्या कानात काहीतरी फुटलं. टर्लीने विचारलं, "उभी राहशील ना?" ती उभीच होती. मग उरलेल्या दोन वेळा झाल्या.

चित्रपट तुफान चालला. एका मासिकात कॉरिनने सांगितलं, कलेसाठी मी अकरा थपडा सोसल्या. ते मासिक घेऊन एडना कॉरिनच्या मेकअपच्या खोलीत गेली.

"मिस हेल, त्या थपडा मी खाल्ल्या होत्या."

"हो का?" कॉरिन आरशातूनच म्हणाली. "मग दिसलीस कुठे तू?"

केस विंचरणारी बाई खुदकन हसली.

एडनाचा कान काही सुधारला नाही. डावीकडून दिलेली सूचना तिला कळेना, ती भलत्याच वेळी वळू लागली. एके दिवशी टर्लीने सगळ्यांना गप्प केलं, तिच्या डाव्या अंगाला जाऊन हळूच तिचं नाव घेतलं. ती समोर बघत राहिली. सेटवर हशा पिकला. सगळे हसताहेत हे पाहून तीही हसली.

तिला कामावरून काढलं, पण जाण्याआधी नव्या मुलीला तयार करून जा म्हणाले. मुलगी एकोणीस वर्षांची, नाव ग्लेनिस. एडनाने तिला नीट समजावलं: जीभ दातांमागे, मान सैल, येणाऱ्या हाताकडे बघायचं नाही. पहिली थप्पड हलकी मारली, दुसरी बेताची.

"फार लागलं तर सांगायचं का?" ग्लेनिसने विचारलं.

"कुणाला?" एडना म्हणाली.

तिसरी गरजेपेक्षा जोरात बसली, ते दोघींनाही कळलं. मुलीने ओठावरचं रक्त पुसलं आणि आभार मानले. एडनाच्या तळहाताची आग होत होती. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

"अजून एकदा," ती म्हणाली.

पुढे ती बर्बँकला एका लाँड्रीत इस्त्रीच्या कामाला लागली. कॉरिनचा नवा चित्रपट लागला की तिकीट काढून जाई, थपडेच्या प्रसंगापर्यंत बसे, ग्लेनिसची मान कशी वळते ते बघे आणि उठून बाहेर येई.