बाभळीपाशी थांबलेली नाली

अंबड रोडला लागून आमचा आखाडा आहे. आखाडा म्हणजे शेतातली वस्ती. घरं दोनच. आमचं घर डांबरी रस्त्याला खेटून आणि माझ्या सासऱ्यांचे चुलतभाऊ बद्रीनाथकाका यांचं घर आत, शेताच्या मधोमध. रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत जी मुरमाची वाट आहे तिच्याबद्दल मला सांगायचं आहे. लोक म्हणतात, वाटेबद्दल काय सांगायचं? पण त्या वाटेत एका माणसाचं अख्खं आयुष्य गेलं, आणि त्याचा मला अजूनही राग येतो. रडू येतं ते वेगळंच.

मी या घरात सून म्हणून आले त्याच्या दोन वर्षं आधीची, म्हणजे चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. भादव्यातली झड लागलेली होती. बद्रीनाथकाकांची बायको साळूकाकू दुसऱ्यांदा बाळंत व्हायची होती. पहिला मुकुंद तेव्हा तीन वर्षांचा. कळा सुरू झाल्या, काकांनी बैलगाडी जुंपली, आणि रस्ता समोर दिसत असताना कोपऱ्यातल्या बाभळीपाशी गाडी काळ्या मातीत आसापर्यंत रुतली. आमची काळी जमीन कापसाला सोनं आहे, पण पावसात तिच्यासारखी वैरीण नाही. बैलांनी गुडघे टेकले. माझे सासरे सर्जेराव धावत गेले, चाकाला खांदा दिला, पण गाडी हलली नाही. तिथंच गाडीत मुलगी झाली, आणि ती रडलीच नाही.

साळूकाकूला बाजेवर घालून रस्त्यावर नेलं आणि एका ट्रकमध्ये चढवून माझ्या सासूबाईंबरोबर अंबडच्या दवाखान्यात पाठवलं. मागं राहिले हे दोघे भाऊ आणि फडक्यात गुंडाळलेलं ते लेकरू. आमच्याकडे एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. लांब जायला चिखल वाट देईना. त्यांनी बाभळीच्या बुडाशी खड्डा केला, खाली-वर मीठ घातलं, कोल्ह्याकुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचले आणि वर माती ओढली. आईला ती जागा सांगायची नाही, ही आमच्याकडची रीत. सांगितलं तर ती तिथंच जाऊन बसते, तिचं मन उठत नाही, म्हणे. साळूकाकूला सांगितलं की दुधना नदीत सोडलं.

हे सगळं मला मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, फार उशिरा सांगितलं. तुम्हाला मी आत्ताच सांगून टाकते, कारण लपवालपवी त्या दोघा भावांनी पुरेशी करून ठेवली आहे. त्यात मी आणखी भर घालणार नाही.

काकू दवाखान्यातून परत आली ती रस्त्यापासून घरापर्यंत चिखल तुडवतच. घरी पोचल्यावर पायाचा चिखल धुताना ती एकच वाक्य बोलली, "रस्ता दिसत होता हो समोर." बद्रीनाथकाकांनी ते ऐकलं. या दारात पुन्हा चाक रुतणार नाही आणि हिच्या पायाला चिखल लागणार नाही, हे त्यांनी त्या दिवशी मनाशी ठरवलं. ते तोंडानं कधी बोलले नाहीत. ते कशाबद्दलच फारसं बोलत नसत.

पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी टेकडीवरचा मुरूम गाडीगाडीनं आणून सरळ काळ्या मातीवर पसरला. श्रावण संपेपर्यंत जमिनीनं तो गिळून टाकला. दुसऱ्या उन्हाळ्यात मामंजी म्हणाले, "बद्री, आधी काळी उपसून काढ. वर-वर मलम लावून काय फायदा?" मग काकांनी वाटेची माती गुडघाभर उपसली आणि शेतात टाकली. बांधावरचे मोठे दगड तळाला बसवले, त्यावर हातानं फोडलेली गिट्टी आणि सगळ्यात वर मुरूम. मी नवी नवरी होते तेव्हा. सकाळी शाळेत शिकवायला निघाले की त्यांच्या हातोड्याचा आवाज यायचा आणि संध्याकाळी परत आले तरी तोच आवाज. मुरमावर पाणी मारायचं, कडेकडेनं धुम्मस आपटायची आणि मग खळ्यावरचा दगडी रूळ बैलांना ओढायला लावायचा. वाट मधे किंचित उंच आणि दोन्ही अंगांना उतरती, पाणी वर थांबायलाच नको अशी.

त्या पावसाळ्यात भर झडीत कडब्यानं भरलेली गाडी खडखडत त्यांच्या दारात गेली. काकू उंबऱ्यात उभी होती. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं. दुसऱ्या दिवशी ती नवी चप्पल घालून मुद्दाम आमच्याकडे चहाला आली आणि तळपाय वर करून मला दाखवू लागली, "पाह्य, उषा, कोरडे ठणठणीत!" बाईमाणसानं एवढ्यानं खूश व्हावं, हे पाहून मला तेव्हा गंमत वाटली होती.

पण त्या वाटेत एक खोट राहिली. वरच्या शेताचं पाणी वाटेच्या कडेनं येतं. ते रस्त्याच्या चारीत काढून द्यायला नाली पाहिजे. काकांनी नाली खणली, घरापासून निघाली, छान उताराची, आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. तिथून रस्ता दोन ढांगांवर. पण पुढं कुदळ मारायला ते तयार नाहीत! पाणी तिथवर यायचं, तुंबायचं, वाटेवर चढायचं आणि मुरूम धुऊन न्यायचं. दर वर्षी दिवाळी झाली की काका घमेलं, फावडं घेऊन तोच तुकडा पुन्हा भरत बसलेले असायचे.

येणारे-जाणारे थट्टा करत. "बद्रीनाथची नाली बाभळीखाली इसाव्याला बसली," म्हणत. काकू तर पाण्याबरोबर भांडायची आणि मग नवऱ्याबरोबर. "अवो, हातभर खणायचं राह्यलंय फक्त. तुम्हाला काय झालंय?"

"तिथं वारूळ हाय," काका म्हणत. दुसऱ्या वर्षी बाभळीची मुळं आड येत. तिसऱ्या वर्षी म्हणे टेलिफोनवाले तिथून तार टाकणार होते. इतका सरळ माणूस, खोटं बोलायचं अंगवळणीच नाही. बोलताना जमिनीकडे बघायचे. काकूला वाटायचं, हेका आहे. मलाही तेच वाटायचं.

संक्रांतीला काकू एका बोळक्यात दूध घेऊन नदीवर जायची आणि पाण्यात सोडायची. काका सायकलवर तिला डबलसीट नेत. सायकल त्याच वाटेनं, त्याच बाभळीवरून जायची. नदीकाठी ते लांब उभे राहत आणि ती हात जोडून होईपर्यंत थांबून तिला परत आणत. एवढं ओझं त्यांनी कसं उचललं असेल, मला सांगता येत नाही. आणि कशासाठी उचललं, हा प्रश्न मला त्याहून जास्त छळतो. बाईला न सांगणं म्हणजे तिच्यावर माया, असं आमच्याकडच्या पुरुषांना कोणी शिकवलं कोण जाणे.

मुकुंद मोठा झाला आणि जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये लागला. मोटारसायकलवर जायचा-यायचा. दोन हजार एकच्या भादव्यात सकाळची पाळी धरायला जल्दीत निघाला आणि बाभळीपाशी, जिथं पाणी वाटेवर चढून चाकोरी खोल झाली होती, तिथं गाडी घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. काकूनं त्याला पाहिलं आणि ती नवऱ्यावर जी फुटली ती अख्ख्या शिवारानं ऐकली. "एक लेकरू ह्या जागेनं खाल्लं, आता दुसरं खाऊन राह्यली! अन् तुम्ही मुळं सांगा मला बाभळीची!"

काका गोठ्यात जाऊन बैलांपुढं उभे राहिले. मामंजी त्यांच्याजवळ गेले होते. "सांगून टाक आता," असं ते म्हणाले, हे मला नंतर कळलं. काका म्हणाले, "दादा, इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडानं सांगू? नदीवर नेत होतो तिला."

आश्विनात काका सोयाबीन आणि परतीसाठी सायकल टेम्पोत टाकून जालन्याच्या मोंढ्यात गेले. लिलाव लांबला म्हणून रात्री तिथंच राहिले. काकूनं तीच वेळ साधली. शेतात कामाला येणाऱ्या कांताबाईला मदतीला घेतलं आणि पदर खोचून दोघींनी कुदळ हाणली. माती अजून ओली होती. संध्याकाळी मी शाळेतून आले तेव्हा नाली रस्त्याच्या चारीला जाऊन मिळाली होती, आणि काकू घामाघूम होऊन बाभळीखाली बसली होती. "वारूळ न्हाई अन् मुळंबी न्हाई," ती मला म्हणाली. "नुसते दगड निघाले रचलेले, अन् खाली जरा पांढरट माती. दगड नालीच्या कडेला बसवले. बघ कसे बराबर बसले."

दुसऱ्या दिवशी दुपारी काका परत आले. सायकलवरून उतरले आणि उभेच राहिले. काकू लगबगीनं पुढं आली. नवरा चिडेल आणि मग मनातून खूश होईल, असा तिचा हिशेब होता. काकांनी एकच विचारलं, "इथली माती कुठं टाकली?"

"वाटेवर. सगळ्या चाकोऱ्या भरून काढल्या. धुम्मसबी आपटली वरून."

काकांनी सायकल तिथंच बाभळीला टेकवली. वाटेवरून खाली उतरले, नांगरटीतून चालत घरी गेले. चहा दिला तो तसाच निवला.

त्या दिवसापासून त्यांनी त्या वाटेवर पाय ठेवला नाही. स्वतः दगड फोडून केलेली वाट, आणि हा माणूस तिच्या शेजारून, शेताच्या कडेनं चालायचा. उन्हाळ्यात ढेकळांतून, पावसाळ्यात चिखलातून. घोट्यापर्यंत बरबटलेले पाय घेऊन घरी यायचे आणि काकू घागर ओतून ते धुवायला लावायची. मुरूम टाकायचं काम मुकुंदाकडे गेलं. लोक हसायचे. "बायकोनं नाली काढली म्हणून काकाचा रुसवा अजून गेला न्हाई," म्हणायचे. काकूलाही तेच वाटे. सुरुवातीला तिला गंमत वाटली, मग राग आला, आणि शेवटी ती गप्प झाली. एकदा मला म्हणाली, "मी इतकं वाईट काय केलं, उषा? माह्यासाठीच केली होती ना ही वाट त्यांनी?" मी तिच्याजवळ बसून राहिले.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात काका छातीत दुखून गेले. जायच्या आधी त्यांनी मामंजींचा हात धरून एवढंच सांगितलं होतं, की मला त्या वाटेवरून नेऊ नका.

तिरडी उचलली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. खांदेकरी सवयीनं वाटेवर निघाले, तर मामंजी आडवे झाले. "खालून घ्या. शेतातून." लोक कुरकुरले. मुकुंद म्हणाला, "मोठे बाबा, चिखल हाय, पडतील सगळे." पण मामंजी हटेनात. शेवटी तिरडी चिखलात उतरली. पाय काढायला जोर लागत होता, तिरडी एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला कलत होती. साळूकाकू दारातून पाहत होती. ती रडायची थांबली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं परत आली. मामंजी ओट्यावर टेकले. काकू आतून बाहेर आली. मामंजी तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर कधी उभी राहून बोलली नव्हती. त्या दिवशी समोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता तरी तिनं सावरला नाही.

"दादा, चांगली वाट असताना माह्या माणसाला चिखलातून का नेलं?"

मामंजी म्हातारे झाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मुकुंदाकडे, आणि सांगून टाकलं. बाभळ, मीठ, दगड, नदीचं खोटं, सगळं. सांगता सांगता ते लहान मुलासारखे रडू लागले. मीही रडत होते. मुकुंद उठून वाटेच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. पुढं पाऊल टाकावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं.

काकू खाली बसली. दोन्ही हात मांडीवर ठेवून ती वाटेकडे बघत राहिली. ती ऊर बडवील, मामंजींना शिव्या देईल, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर मी तिच्या बाजूनं उभी राहिले असते. पण तिनं तसं काही केलं नाही. मग ती हळूच बोलली, एखाद्या कामाबद्दल बोलावं तशी.

"मला सांगायचं ना. बाभळीला वळसा घालून काढली असती मी नाली." आणि तिनं हवेत बोटानं ते वळण काढून दाखवलं.