रेणापूरचा आठ वाजताचा फोन

सगळी नोकरी मी नांदेडला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, त्यामुळे फोन उचलायला उशीर करणाऱ्यांचा मला जुना राग आहे. निवृत्तीनंतर लेकीकडे लातूरला राहायला आले, तेव्हा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं माझा हा दुर्गुण बरोबर हेरला आणि काम गळ्यात घातलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना रोज सकाळी फोन करायचा. झोप लागली का, गोळ्या घेतल्या का, खाल्लं का, काही दुखतंय का, एवढं विचारायचं. माझ्या यादीत सहाजण होते.

त्यात पहिल्या रेणापूरच्या मावशी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. मुलगा पुण्याला. आई विसराळू झाली, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. गॅसवर दूध ठेवून ती एकदा देवळात गेली, एवढंच निमित्त. तो तिला न्यायलाच आला होता. रडारड, रुसवेफुगवे झाले आणि शेवटी अट ठरली. रोज आठला माझा फोन उचलायचा. ज्या दिवशी उचलला नाही, त्या दिवशी तो येऊन तिला घेऊन जाणार. मी ती अट वहीत लाल पेननं लिहून ठेवली. मला अटी आवडतात.

मावशी पहिल्याच रिंगला उचलायच्या. "हाव बाई, हाय मी," म्हणायच्या. पुण्याचं नाव काढलं की मात्र भडकायच्या. "दार लावून बसायचं दिवसभर. मी काय कैदी हाय?"

लातुरातला माझा पहिलाच हिवाळा. एका सकाळी फोन वाजून वाजून बंद झाला. दहा-दहा मिनिटांनी दोनदा पुन्हा लावला. शेजारणीला लावला, तीही उचलेना. नियमाप्रमाणे मी मुलाला कळवलं. "निघालोच," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मलाही घरात थांबवेना. एसटीत आम्ही चारच टाळकी होतो. रस्ता ओस, दुकानं बंद. कुणी मोठा माणूस गेला की काय, असं वाटलं. रेणापुरात मावशींच्या दाराला बाहेरून कुलूप. ते बघून आधी जीव भांड्यात पडला आणि मग जास्तच घाबरले. आत पडल्या नाहीत हे खरं, पण मग आहेत कुठं? गल्लीत एक दार उघडं नव्हतं.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जोडपं आलं. बाईच्या मांडीवर फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं. मी विचारलं तसा तो गडी हसायलाच लागला.

"येळवसाला घरात कोण बसतंय बाई? मावशी सकाळीच शेताला गेल्या. चला, सोडतो."

वेळअमावस्या! त्या दिवशी इकडं गावंच्या गावं शेतात जेवायला जातात. आमच्या घरी, हदगावकडं, हा सण कधी नव्हता. आदल्या दिवशी बाजारात चुका-मेथीचे भाव चढले म्हणून मी भाजीवालीशी हुज्जत घातली होती. पण एवढी झुंबड कशाला, ते विचारलं नव्हतं. तो, त्याची बायको, ताकातल्या आंबिलीचं मडकं आणि मी, असे आम्ही एका गाडीवर निघालो.

शेतात कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी करून पूजा झालेली. मावशी पंगतीला भज्जी वाढत होत्या, हिरवा हरभरा, तूर आणि सतरा पालेभाज्या घालून शिजवलेली.

"आलात? बसा, पान वाढते."

"फोन कुठंय तुमचा?"

"घरी. शेतात कशाला फोन?"

"अहो, काल सांगायचं तरी!"

"येळवस सांगावं लागतंय व्हय? दिवाळी हाय म्हणून कुणी सांगत फिरतंय का?"

मुलगा निघालाय, हे मी सांगितलं. त्यांचा हात थांबला. "न्यायला?" एवढंच विचारलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी लगेच त्याला फोन केला, त्या शेतात आहेत, सगळं ठीक आहे, परत फिरा म्हटलं. "अट म्हणजे अट," तो म्हणाला. तशी भज्जी मी जन्मात खाल्ली नव्हती, पण माझं लक्ष वाटेकडंच होतं.

तीनच्या पुढं तो आला. हरभऱ्याच्या ओळींतून बूट सांभाळत, चेहरा ओढलेला.

"ठरलं होतं ना आपलं? फोन का नाही उचललास? विसरतेस, म्हणूनच म्हणतो मी."

मावशींनी हळूच विचारलं, "आज काय हाय रं?"

त्यानं कोपीकडं पाहिलं. पंगतीकडं पाहिलं. याच शेतात लहानाचा मोठा झालेला माणूस तो.

मला वाटलं, आता मावशी त्याला धरून झोडपणार. तर त्या उठल्या आणि त्याच्या कपाळाला हात लावला.

"येळवस इसरलास? बरं न्हाई का तुला?"

तो खाली बसला. आईनं पुढं केलेली आंबील दोन तांबे प्याला आणि चिंचेखाली असा झोपला की उन्हं उतरेपर्यंत हलला नाही. मावशी पदरानं माश्या वारत बसल्या. उठल्यावर आईची पिशवी भरून तिला न्यायची गोष्ट त्यानं काढली नाही. मला म्हणाला, "फोन चालू ठेवा. पण या एका दिवशी सुट्टी द्या तिला."

मी मान डोलावली. मावशींचं अजून समाधान झालं नव्हतं. त्यांनी मला बाजूला ओढलं.

"बाई, उद्यापासून ह्याला बी फोन लावत जावा," त्या म्हणाल्या. "झोप लागती का, तेवढं विचारा. मला खरं सांगत न्हाई त्यो."