पूर्वेकडचा उतार

जून लागल्यापासून मॅग्रिता एंगेलचा पाय घरात ठरत नव्हता. कॉफी ओतायची आणि कप तसाच ठेवून दाराशी यायची. एलिम गावामागचा डोंगर फेब्रुवारीत जळला होता, पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नव्हतं. आग लागल्याशिवाय साखरझुडपाच्या वाळलेल्या फुलांची बोंडं उघडत नाहीत, बी सांडत नाही. तिकडे थंडी आणि पाऊस जूनमध्ये एकत्रच येतात; तो पाऊस झाला की राखेतून रोपं वर येतात.

पश्चिमेच्या उतारावर ती आलीही. पूर्वेला मात्र साखरझुडपाचं एक रोप दिसेना. मॅग्रिता रोज तिथे जाऊन गुडघे टेकून माती चाचपायची. रोपं का येत नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तीस वर्षं डोंगरावरची साखरझुडपाची फुलं विक्रीसाठी तोडणारी ही बाई. बी धरावं म्हणून निम्मी फुलं झुडपावर ठेवायची, हा तिथला नियम ती नव्या पोरींना दटावून शिकवायची. पण एकदा फुलांचा ट्रकवाला म्हणाला, "मावशी, तुमच्यासारख्या भरगच्च जुड्या अख्ख्या जिल्ह्यात नाहीत!" झालं, बाई चढल्या हरभऱ्याच्या झाडावर. सलग तीन हंगाम तिने पूर्वेचा उतार ओरबाडला, वाळकी बोंडंसुद्धा सोडली नाहीत. एवढ्या वयाच्या बाईला शाबासकीची इतकी भूक असावी?

रविवारी प्रार्थनेनंतर फुलं तोडणाऱ्या टोळीचे मुकादम अपोलस सगळ्यांना घेऊन वर आले. उघडा उतार पाहून ते भडकलेच. टोळीतली सगळ्यांत धाकटी म्हणजे मॅग्रिताची भाची, डूर्की. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "गेल्या हंगामात इथे तू होतीस ना?"

"शेवटचे आठच दिवस, काका. तेव्हा झाडांवर काही उरलंच नव्हतं."

"वा! मग बोंडं काय वाऱ्याने नेली? उद्यापासून टोळीत यायचं नाही."

 मॅग्रिता गप्प राहिली तर तिचं नाव राहणार होतं. डूर्की खाली निघाली, तेव्हा मात्र मॅग्रिताला राहवलं नाही.

"भाऊ, मी तोडली. सगळी. तीन वर्षं."

अपोलसनी टोपी काढली, पुन्हा घातली. डूर्की परत वर आली आणि मावशीसमोर उभी राहिली.

"पहिल्याच दिवशी एक फूल जास्त तोडलं म्हणून तू माझ्या हातावर फटका मारला होतास," ती म्हणाली. "आणि मी घरी जाऊन आईला सांगितलं, मावशीला झाडांची किती माया आहे."